दोर ज्याच्या हातात

वर्तमानपत्रात धरणांची टक्केवारी आतल्या पानावर, सोन्याच्या भावाशेजारी छापतात आणि आमच्याकडे दोन्ही सारख्याच गांभीर्याने वाचली जातात. एप्रिल संपता संपता उजनी वजा पस्तीसवर गेली, मेच्या दुसऱ्या आठवड्यात वजा अठ्ठेचाळीसवर. शून्य झाल्यावरही, तळातल्या मृतसाठ्यातून, धरण आणखी कमी कसं होत राहतं, हे बाहेरच्या माणसाला समजावून सांगावं लागतं. बारामती-इंदापूरच्या माणसाला लागत नाही. शिवाय मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो.

वजा अठ्ठेचाळीस छापून आलं त्याच सकाळी करुणाचा मेसेज आला. "कड्याचा पाया उघडा पडला असणार. मी शनिवारी बाबांकडे येतेय. रविवारी जाऊ. तुझे गुडघे कसे आहेत?"

गुडघे वाईट होते. मी "उत्तम" असं लिहिलं आणि डॉक्टरांनी दिलेला पट्टा शोधायला लागलो.

हा कडा इंदापूरच्या उत्तरेला, धरणाच्या फुगवट्यात आहे. पन्नास-पंचावन्न फुटांचा काळा पाषाण. एरवी त्याचा खालचा निम्मा भाग पाण्यात असतो आणि वरचा निम्मा बगळ्यांच्या ताब्यात. पाणी वजा चाळीसच्या खाली उतरलं की पाया मोकळा होतो. म्हणजे हा कडा चढायचा तर मे महिन्यातच, आणि तोही दुष्काळी मे महिन्यात. सगळं जग डोंगर चढायला थंडीत जातं. आमचा कडा बेचाळीस अंशांच्या अलीकडे भेटतच नाही. चांगला पाऊस झालेल्या वर्षी सगळा तालुका खूश असतो आणि आम्ही तिघं तोंड पाडून बसतो. हे आम्ही चारचौघांत बोलत नाही. उसाच्या पट्ट्यात धरण रिकामं व्हावं अशी इच्छा धरणाऱ्या माणसाला सोसायटीच्या निवडणुकीत अनामतसुद्धा परत मिळणार नाही.

आम्ही तिघं म्हणजे मी, इंद्रजित आणि करुणा. कॉलेजपासूनचे. इंद्रजित सोमेश्वरनगरला ऊस लावतो आणि तो लावल्याबद्दल वर्षभर इतरांना शिव्या देतो. करुणा नागपूरला पाटबंधारे खात्यात कार्यकारी अभियंता आहे. माझं नाव धैर्यशील. ते वडिलांनी ठेवलं, मला विचारलं नव्हतं.

आम्हाला दोराचं काम शिकवलं रावजींनी. रावजी विहिरी खोदायचे. इंद्रजितच्या शेतात त्यांनी यारी लावली होती. म्हणजे विहिरीच्या काठावर उभी केलेली ती लोखंडी क्रेन, जिच्या दोराला बांधून खालचे दगड वर घेतात. दोराला माणूस कसा बांधायचा, वजन अंगावर कसं घ्यायचं, गाठ कुठली मारायची आणि कुठली मारायची नाही, हे सगळं आम्ही त्या विहिरीच्या काठावर शिकलो. पुढे पुण्याच्या एका गिर्यारोहण क्लबातली मुलं भेटली. त्यांच्याकडे इंग्रजीत आठ-दहा आरोळ्या होत्या. आमच्याकडे रावजींचे तीन शब्द होते. दोराला असलेला माणूस "वढ" म्हणाला की ओढायचं. "सोड" म्हणाला की ढील द्यायची. आणि गाठ सोडून मोकळा झाला की त्याने "सुटलो" म्हणायचं. तोपर्यंत दोर हातातून ठेवायचा नाही.

आणि एक नियम होता. "दोर ज्याच्या हातात, त्याचं त्वांड बंद."

विहिरीत आवाज घुमतो. कोण कुणाला काय म्हणालं ते कळत नाही. म्हणून बोलायचं ते दोराला असलेल्यानेच. दोर धरणाऱ्याने ऐकायचं आणि करायचं. तो बोलला की त्याचं लक्ष गेलं, आणि लक्ष गेलं की दगड गेला. रावजींच्या डाव्या हाताला तीनच बोटं होती, त्यामुळे हा नियम आम्हाला पाठ करावा लागला नाही.

एकवीस वर्षांपूर्वीच्या एका मे महिन्यात आम्ही याच कड्यावर होतो. करुणा चढत होती आणि दोर माझ्या हातात होता. वरच्या मोठ्या दगडाला वेढा घालून दोर खाली माझ्याकडे यायचा. ती चढेल तसा मी तो घेत जायचो. तिच्या पाठपिशवीत नागपूरच्या नेमणुकीचं पत्र होतं. जूनमध्ये हजर व्हायचं होतं. बारामतीतही एका पॉलिटेक्निकमध्ये तिला तासिका तत्त्वावर शिकवायचं काम मिळत होतं. त्या कामात भविष्य नव्हतं, पण बारामती होती.

ती माथ्यावर पोचली. गाठ सोडली नाही. तशीच कडेला येऊन उभी राहिली आणि खाली बघून म्हणाली, "धैर्यशील, मी नागपूरला जाऊ की इथंच राहू?"

प्रश्न नोकरीचा नव्हता, हे आमच्यातल्या दोघांना माहीत होतं. तिसरा, इंद्रजित, शंभर पावलांवर पाण्यात म्हशीसारखा डुंबत पडला होता.

माझ्याकडे उत्तर तयार होतं. एका शब्दाचं होतं. राहा. पण दोर माझ्या हातात होता.

मी वर बघत उभा राहिलो. घाम डोळ्यांत येत होता, त्यामुळे तिचा चेहरा दिसत नव्हता, नुसता आकार दिसत होता. ती पाचेक मिनिटं तशीच बांधलेली उभी होती. मग म्हणाली, "सुटले."

दोर एकदम हलका झाला. माणूस दोरावरून गेल्यावर दोर किती हलका होतो, हे ज्याने धरलाय त्यालाच कळतं.

माथ्यावरून मागच्या बाजूला सोपा उतार आहे. तिथून फिरून खाली यायला तिला दहा मिनिटं लागली. तेवढ्यात इंद्रजित ओलाकच्च येऊन, इंदापूरहून शेवटची गाडी पावणेसहाला आहे असं म्हणाला, आणि मी दोर गुंडाळायला लागलो. करुणाने पुन्हा विचारलं नाही. ती पुन्हा विचारेल म्हणून मी थांबलो. आधी इंदापूरच्या स्टँडपर्यंत, मग बारामतीपर्यंत, मग जूनपर्यंत. प्रश्न एकदा विचारला की तो पुन्हा विचारणं समोरच्याचं काम असतं, हा नियम रावजींचा नव्हता. तो माझा मी केला.

जूनला ती गेली.

नंतर आम्ही बोलत राहिलो. तिच्या लग्नाची पत्रिका आली, माझ्या लग्नाची गेली. तिला मुलगी झाली, संस्कृती. वाढदिवसाला फोन व्हायचे आणि त्यात मुख्यतः पाऊसपाणी असायचं, कारण तिचं खातंच ते होतं. मधल्या काळात कडा दोनदा उघडा पडला. एकदा तिची मुलगी तान्ही होती. एकदा ती येणार होती आणि माझी पाठ धरली. पाठ खरंच धरली होती. पण डॉक्टरांनी 'आठ दिवस हालचाल नको' म्हटल्यावर मी ज्या सुटकेने गादीवर पडलो, तशी सुटका आजारी माणसाला शोभत नाही.

मला आता काही परत मिळवायचं नव्हतं. आमचे संसार आहेत, ते बरे चाललेत. एवढंच तिला सांगायचं होतं की त्या दिवशीची शांतता हे उत्तर नव्हतं. तो नियम होता. हे फोनवर सांगता आलं नाही. टाइप करून पाहिलं, तर ते माहिती अधिकारातल्या उत्तरासारखं दिसायला लागलं. आणि पुढच्या खेपेला पाणी इतकं खाली जाईपर्यंत आमचे गुडघे शिल्लक असतील, याची खात्री कुठल्याच खात्याकडे नव्हती.

रविवारी पहाटे रेश्मा, माझी बायको, दशम्या बांधून देत होती. सोबत शेंगदाण्याची चटणी, कांदे, आणि थर्मासमध्ये ताक.

"करुणाताई येणारेत ना?"

"हो."

"मग या वेळी बोलून टाका एकदाचं."

"काय?"

"ते मला काय माहीत?" तिने डब्याचं झाकण दाबून बसवलं. "लग्नाला अठरा वर्षं झाली. दर उन्हाळ्यात धरणाची टक्केवारी मोठ्यांदा वाचता आणि मग दोन दिवस घरात बोलत नाही. पाणी जास्त असलं तर चार दिवस."

मी पट्टा गुडघ्यावर चढवत राहिलो.

"दुसऱ्या गुडघ्याला आहे तो," ती म्हणाली.

पाचला निघायचं ठरलं होतं. कड्याचं तोंड पश्चिमेला आहे, त्यामुळे बारा वाजेपर्यंत त्याला सावली असते, आणि सावलीतच चढून मोकळं व्हायचं असा बेत होता. इंद्रजित साडेसातला आला. त्याच्या भागात त्या आठवड्यात मोटरीची लाइट पहाटेची होती. ती सहाला जायची, सातला गेली. लाइट असताना, ऊस उभा असताना, मोटर बंद करून मित्रांबरोबर सहलीला जाणारा शेतकरी अजून आमच्या जिल्ह्यात जन्मायचाय.

"आरं, उसाला पाण्याचं बारं चालू हुतं," बोलेरोतून उतरत तो म्हणाला. "तू प्राध्यापक हायस. तुला काय, तू येतोस न येतोस, पोरांना बी कळत न्हाय."

करुणा तिच्या वडिलांच्या, ज्ञानदेव गुरुजींच्या, दारात उभी होती. टोपी, बूट, खांद्यावर नवा निळा दोर. केस पुढून पांढरे झाले होते आणि तिने ते तसेच ठेवले होते. तिच्याकडे बघून मला माझ्या मेंदीची लाज वाटली.

"धैर्यशील, तू लंगडतोयस."

"नाही. सावकाश चालतोय."

"लंगडतोय त्यो," इंद्रजित म्हणाला. "सकाळी गाडीत बसताना 'आई गं' म्हणाला."

निमगाव केतकी, इंदापूर असं करत आम्ही फुगवट्याच्या काठाला पोचलो तेव्हा साडेनऊ होऊन गेले होते. गाडी जिथवर गेली तिथवर नेली. पुढे एरवी पाण्याखाली असलेली जमीन, तडे गेलेली, तड्यांत शिंपले. काठावरच्या शेतकऱ्यांनी पाण्याच्या मागे मागे पाइप वाढवत नेले होते. एकेक पाइप पाऊण किलोमीटर. पाणी पळतंय आणि माणसं पाइप घेऊन त्याच्या मागे लागलीयत, असं ते दिसत होतं. अशा पाठलागाला हसण्याच्या परिस्थितीत मी नव्हतो.

कड्याच्या पायथ्याला उघड्या पडलेल्या गाळात एका म्हातारीने काकडी लावली होती. ठमाबाई तिचं नाव. ते तिने न विचारताच सांगितलं. आम्ही दोर खाली ठेवला तशी ती खुरपं घेऊन जवळ आली.

"कुठलं गं तुमी?"

"बारामतीचे, मावशी," करुणा म्हणाली.

"आन् हितं काय सांडलंय?"

"हा कडा चढायचाय."

"मागनं वाट हाय की. माझी शेरडं चढत्यात."

"आम्हाला समोरून चढायचंय."

ठमाबाईने कड्याकडे बघितलं, मग माझ्या पोटाकडे. "ह्यो बी?"

"ह्यो बी," इंद्रजित म्हणाला.

"वर काय हाय?"

"कायच न्हाय, मावशी."

"मग खाली काय वाईट हाय?" ती म्हणाली. "मागं बी एकदा आली हुती असली माणसं. तवा बी म्या सांगितलं हुतं, मागनं वाट हाय. ऐकत न्हाईत." असं म्हणून तिने आम्हाला तीन काकड्या दिल्या आणि बघायला सावलीत जाऊन बसली.

इंद्रजित मागच्या उताराने वर जाऊन त्याच मोठ्या दगडाला दोर घालून आला. पहिली करुणा चढणार होती. तिने गाठ मारली, मला दाखवली. मी बघितली. एकवीस वर्षांनी मी पुन्हा तिचा दोर हातात घेतला आणि तोंड मिटलं.

दोरातून माणूस कळतो. इंद्रजित चढतो तेव्हा दोराला मोटर चालू झाल्यासारखी थरथर असते. करुणा अवघड जागेच्या आधी थांबते. दोनदा श्वास घेते. ते दोन श्वास दोरातून खाली येतात, दोन बारीक ओढी, मग ती एकदम उचलली जाते. चेहरा, आवाज, केस, सगळ्यात थोडाफार फरक पडला होता. ते दोन श्वास तेच होते. मी दोर घेत राहिलो आणि घाम पुसायला हात मोकळा नव्हता हे बरं झालं, कारण सगळाच घाम नव्हता.

"वढ," ती मधल्या दगडी पायरीवरून म्हणाली. मी ओढलं.

माथ्यावर पोचल्यावर ती या वेळी उभी राहिली नाही. लगेच म्हणाली, "सुटले." दोर हलका झाला. मी खालीच बघत होतो.

मग तिचा आवाज आला. "धैर्यशील, आता तू. तुला खालून धरायला इंद्रजित पुरायचा नाही. मी वरून धरते. दगडाला वेढा आहे, काळजी करू नकोस."

"जड नग वरनंच घ्यायचा," इंद्रजित म्हणाला. "रावजी सांगायचंच." आणि माझ्या कमरेचा पट्टा आवळून त्याने मला बांधायला सुरुवात केली. पट्ट्याची शेवटची दोन भोकं त्याला वापरता आली नाहीत.

मी कड्याला हात लावला. सावली असूनही दगड तापलेला होता, परवाच्या, कालच्या उन्हाने. पहिले पंचवीस फूट पाण्याची खूण होती: पांढरा पापुद्रा, वाळलेलं शेवाळ, खाचेत अडकलेला जाळ्याचा तुकडा. एरवी इथे मासे असतात. आता मी होतो. गुडघ्याने तिसऱ्या पावलालाच आपलं मत दिलं.

"डावा पाय वर घे," इंद्रजित खालून.

"कुठं?"

"माझ्या डोक्यावर नको, एवढं बघ."

"त्यो पडंल," ठमाबाईचा आवाज आला.

"न्हाय पडत, मावशी. दोर हाय."

"दोर हाय, पर माणूस बी पायजे ना दोराजोगता."

कसाबसा मी मधल्या पाटापर्यंत गेलो. पाट म्हणजे हातभर रुंदीची पायरी, तीस-पस्तीस फुटांवर. तिथं मी पोट कड्याला लावून उभा राहिलो. पुढचा पकडीचा दगड दिसत होता आणि माझा हात तिथवर पोचत नव्हता. वर बघितलं तर करुणा दिसत नव्हती. माथ्याच्या कडेवरून निळा दोर आत जात होता, एवढंच. खाली इंद्रजित पाणी प्यायला गाडीकडे निघाला होता. ठमाबाई काकड्यांत वाकली होती.

आणि माझ्या लक्षात आलं की दोराला मी आहे.

एकवीस वर्षांत पहिल्यांदा बोलायची पाळी माझी होती. दोर तिच्या हातात होता. तिला बोलता येणार नव्हतं. ती हसू शकणार नव्हती, विषय बदलू शकणार नव्हती, 'जाऊ दे रे आता' म्हणू शकणार नव्हती. आयुष्यात मला इतका सोयीचा श्रोता कधी मिळाला नव्हता. वर्गातसुद्धा मागचे बाक बोलतात.

"करुणा," मी दगडाला गाल लावून म्हटलं.

दोर थोडा ताणला गेला. ऐकतेय असा.

"त्या दिवशी तू विचारलंस ना. जाऊ की राहू. मी राहा म्हणणार होतो." मी पकड बदलली. "दोर हातात होता म्हणून बोललो नाही. नंतर का नाही बोललो ते मला सांगता येणार नाही. पण तेव्हा गप्प होतो म्हणजे जा म्हणत होतो असं नव्हतं. राहा म्हणणार होतो. एवढंच सांगायचं होतं."

वरून काही आलं नाही. वारा नव्हता. कुठेतरी लांब कुणाची तरी मोटर चालू होती. मी दोराकडे बघत होतो. तो हलला नाही, सैल झाला नाही, ताणलाही गेला नाही. होता तसा राहिला. आता मला कळलं की खालून उत्तर न येणं वरच्याला कसं लागलं असेल. मी तर पस्तीस फुटांवर, सावलीत, काही सेकंदच उभा होतो. ती पाच मिनिटं उन्हात उभी होती.

"वढ," मी म्हटलं.

दोर घट्ट झाला. मी हात टाकला, चुकला, पुन्हा टाकला. गुडघा दगडावर घासला, त्याचा पट्टा निसटून खाली गेला. शेवटचे पंधरा फूट मी चढलो असं म्हणणं इतिहासाचं विकृतीकरण होईल. तिने मला वर घेतलं.

माथ्यावर पालथा पडून मी गाठ सोडली. "सुटलो."

तिने दोर हातातून ठेवला. मग पाण्याची बाटली पुढे केली. "गुडघा फुटलाय तुझा."

"असू दे."

मी उठून बसलो. समोर सगळं रिकामं धरण होतं, मधे पाण्याचा एक अरुंद पट्टा, आणि पलीकडे काठाला उसाची हिरवी कड, जिच्यासाठी हे सगळं रिकामं झालं होतं. करुणा गुडघ्यांभोवती हात टाकून बसली होती.

"ऐकलंस?" मी विचारलं.

"इथं सगळं ऐकू येतं. तेव्हाही येत होतं."

"तो नियम होता, करुणा. रावजींचा. म्हणून मी तेव्हा..."

"मला काय नियम माहीत नव्हता?" ती म्हणाली. "तुझ्याशेजारीच बसून शिकले मी."

मी तिच्याकडे बघितलं. ती पाण्याकडे बघत होती.

"मग बांधलेली असतानाच का विचारलंस? दोन मिनिटं थांबायचं. सुटायचं. मग विचारायचं."

"मग तू राहा म्हणाला असतास."

"म्हणालोच असतो."

"हो. आणि मी राहिले असते." तिने एक खडा उचलला आणि बाजूला ठेवला. "मग तुझ्या घरी सांगायची वेळ आली असती. आबांसमोर. तेव्हा तू गप्प बसला असतास, धैर्यशील. आणि तेव्हा तुझ्या हातात दोर नसता."

आबा, म्हणजे माझे वडील, कारखान्याचे संचालक होते आणि समतेवर उत्तम भाषण करायचे. चौदा एप्रिलला त्यांना तालुकाभर बोलावणं असायचं. करुणा आमच्या घरी आली की आई आग्रह करकरून चहा द्यायची, आणि ती गेली की विचारायची, "कुणाची रे ही? कुठल्या आळीतली?" पाच वर्षं विचारत होती. पाच वर्षांत उत्तर बदललं नव्हतं, तरी विचारत होती. आणि दर वेळी मी "गुरुजींची" एवढंच सांगून चपला घालून बाहेर पडायचो. हे मी करुणाला कधी सांगितलं नव्हतं. सांगायची गरज होती, असं आता वाटलं नाही.

म्हणजे त्या दिवशी ती पाच मिनिटं माझ्या उत्तरासाठी उभी नव्हती. मग कशासाठी उभी होती, हे विचारायला मला भीती वाटली. एकवीस वर्षं मी त्या शांततेबद्दल तिची माफी मागायची तयारी करत होतो, आणि ती शांतता तिनेच मला दिली होती, गाठ मारून, नियमासकट. म्हणजे मला सांभाळलं होतं. वरून धरलं होतं, जड नगासारखं.

खाली इंद्रजितचा आवाज आला. ठमाबाईशी तो काकडीच्या दराबद्दल वाद घालत होता. करुणाने दोराचं टोक खाली सोडलं.

बारा होत आले होते. कड्याची सावली आखडून पायथ्याशी गेली होती. माथ्यावर ती कधीच नव्हती. आणखी एक गोष्ट राहिली होती, आणि ती आता विचारली नाही तर ती पुन्हा पाण्याखाली जाणार होती.

"आणि गप्प बसलो नसतो तर?" मी म्हटलं.

करुणाने माझ्याकडे बघितलं. त्या दिवसात पहिल्यांदा, नीट. उन्हाने तिचे डोळे बारीक झाले होते. तिने दोनदा श्वास घेतला. मला तो आवाज ओळखता आला. ती काहीतरी सांगणार होती, याबद्दल मला आजही शंका नाही.

"वढ!" खालून इंद्रजित ओरडला.

तिने दोर हातात घेतला, पाय दगडाला रोवले आणि तोंड मिटलं.

मी तिच्या मागे बसलो आणि दोराचं मोकळं शेपूट धरलं. ती ओढेल तसं घेत राहिलो. दोर मोटरीसारखा थरथरत होता. तिच्या पाठीवर शर्ट घामाने चिकटला होता, मानेवर पांढरे केस चिकटले होते. तिने मागे वळून बघितलं नाही. दोर धरणाऱ्याने बघायचंही नसतं.

"आरं, काय बोलत हुता वर इतका येळ?" इंद्रजित मधल्या पाटावरून ओरडला. "मेलात का काय?"

आम्ही काही बोललो नाही. दोर आमच्या दोघांच्या हातात होता.